नाशिक आवृत्ती कुठे आहे? एका वाचनकक्षाचा प्रकरण अभ्यास

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने दोन वर्षांपूर्वी ठराव केला, की वाचनकक्षात येणारे छापील पेपर आणि मासिकं बंद करायची आणि त्याऐवजी एक टॅबलेट व एका डिजिटल न्यूजस्टँड अ‍ॅपची वर्षाची वर्गणी घ्यायची. वर्ष पुरं व्हायच्या आत छापील पेपर परत सुरू झाले. टॅबलेट मात्र राहिला आणि आजही वापरात आहे. अ‍ॅपची वर्गणी संघाने पुन्हा भरली नाही, पण तीन-चार सभासदांनी ती स्वतःच्या खिशातून घेतली. म्हणजे प्रयोग फसला असंही म्हणता येत नाही आणि जमला असंही नाही. नेमकं काय झालं, ते हे.

मी संघाचा सभासद नाही, वयात बसत नाही. शेजारच्या सोसायटीत राहतो आणि कुणाचा मोबाइल अडला की हाक येते, तशी या कामासाठीही आली. संघाचं आणि घेतलेल्या अ‍ॅपचं नाव इथे देत नाही. माणसांना अण्णा, नाना, मावशी एवढीच नावं पुरेत.

ठराव का झाला

वाचनकक्ष म्हणजे समाजमंदिराची एक खोली. सकाळी सातला उघडते. पाच मराठी दैनिकं, एक इंग्रजी, एक हिंदी, शिवाय टपालाने येणारी काही साप्ताहिकं-मासिकं. खजिनदार नाना बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांच्या तीन तक्रारी होत्या. पेपरचं बिल दर वर्षी चढतंय. टपालाने येणारे अंक उशिरा येतात किंवा येतच नाहीत, आणि न आलेल्या अंकासाठी पत्रव्यवहार करायला कुणाला वेळ नाही. तिसरी तक्रार म्हणजे मासिकांच्या मागच्या फायलींना वाळवी लागली होती.

नेमक्या त्याच वेळी एका सभासदाच्या पुण्यातल्या मुलाने दहा इंची टॅबलेट भेट दिला आणि एका न्यूजस्टँड अ‍ॅपची माहितीही. हजारो नियतकालिकं, एकच वर्गणी, हवं तेवढं वाचा. वर्षाची रक्कम संघाच्या पेपरच्या दोन महिन्यांच्या बिलाहून कमी. नानांनी सभेत दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, आणि मग चर्चा फारशी झाली नाही. अण्णा एकटेच म्हणाले, "नाना, यात आपला पेपर आहे का ते आधी बघा." त्यांना उत्तर मिळालं, "अहो अण्णा, हजारो आहेत, त्यात आपला नसेल होय?"

पुढचं सगळं प्रकरण अण्णांच्या त्या प्रश्नाभोवतीच फिरलं.

दुकान, बातम्यांचा नळ आणि ई-पेपर

गोंधळ समजायचा तर आधी हे पाहायला हवं, की 'मोबाइलवर पेपर' या दोन शब्दांत आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली गोष्ट बातम्या गोळा करून दाखवणाऱ्या अ‍ॅपची. डेलीहंट हे त्यातलं आपल्याकडचं ओळखीचं नाव. २००९ साली न्यूजहंट म्हणून सुरू झालं, २०१५मध्ये नाव बदललं. इथे अंक नसतो, पान नसतं. बातम्यांचा नळ सुरू असतो आणि तुम्ही काल काय उघडलं त्यावरून आज काय दिसणार ते ठरतं. फुकट असतं, जाहिरातींवर चालतं.

दुसरी गोष्ट म्हणजे खरं डिजिटल न्यूजस्टँड. इथे छापील अंक आहे तसा, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत पडद्यावर येतो. झिनिओ २००१पासून या धंद्यात आहे. चेन्नईकरांनी उभं केलेलं मॅग्झटर २०११चं. २०२४मध्ये ते डेलीहंटच्याच मूळ कंपनीने, व्हर्से इनोव्हेशनने घेतलं. प्रेसरीडर कॅनडातलं. त्याची सुरुवात १९९९ साली परदेशी पेपर हॉटेलांमध्ये मागणीप्रमाणे छापून देण्यापासून झाली, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पूर्वी एकेक अंक विकत घ्यावा लागायचा. मग एकरकमी वर्गणीत सगळं कपाट खुलं करायची पद्धत आली. त्यात साधारणपणे वर्गणीचा काही भाग अ‍ॅप ठेवतं आणि उरलेला प्रकाशकांत वाटला जातो. कुणाचा अंक किती वाचला गेला, त्या प्रमाणात.

तिसरी गोष्ट त्या त्या वृत्तपत्राच्या स्वतःच्या ई-पेपरची. आपल्या बहुतेक मोठ्या मराठी दैनिकांचे ई-पेपर आहेत आणि त्यांत शहर निवडता येतं: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक.

संघाने पैसे भरले दुसऱ्या गोष्टीचे. लोकांना हवी होती तिसरी. आणि टॅबलेट हातात आल्यावर निम्मे जण वाचत बसले पहिली, कारण ती आपणहून समोर येते.

दुसऱ्या प्रकारातला एक धोका सभेत कुणाच्याच लक्षात आला नव्हता, कारण तो दुकानाच्या आयुष्याशी निगडित आहे. अ‍ॅपलने २०११ साली आयफोनवर 'न्यूजस्टँड' नावाचं कपाट दिलं आणि २०१५मध्ये काढून टाकलं. गूगलने २०१३मध्ये प्ले न्यूजस्टँड आणलं, २०१८मध्ये ते गूगल न्यूजमध्ये मिसळलं, २०२०च्या सुरुवातीला मासिकांची विक्रीच थांबवली आणि ग्राहकांनी भरलेली शेवटची रक्कम परत दिली. विकत घेतलेले जुने अंक आणखी काही वर्षं दिसत होते. २०२३च्या अखेरीस तेही गेले, त्याआधी उतरवून घ्या अशी सूचना देऊन. या दोन कंपन्यांहून मोठं दुकान कुठलं? तेव्हा वाळवीला घाबरून फायली बंद करणाऱ्या नानांना हे सांगितल्यावर ते जरा गप्प झाले. वाळवी निदान एका रात्रीत सगळा गठ्ठा नेत नाही.

सकाळी सात ते दहा

पहिल्या आठवड्यात खोली खचाखच भरली. सगळ्यांना टॅबलेट बघायचा होता. दुसऱ्या आठवड्यापासून गर्दी ओसरायला लागली, आणि त्याचं कारण तंत्रज्ञानाची भीती नव्हे. तसं सरसकट म्हणायची आपल्याला सवय आहे. हे लोक रोज व्हॉट्सअ‍ॅपवर शंभर निरोप इकडून तिकडे करतात, गॅस बुक करतात, नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. अडचण कागदाची होती. छापील पेपर सुटतो. पहिलं पान एकाकडे, मधली पानं दुसऱ्याकडे, खेळाचं तिसऱ्याकडे, पुरवणी खिडकीपाशी बसणाऱ्याकडे. सात पेपर म्हणजे एका वेळी वीस-पंचवीस वाचक. टॅबलेट म्हणजे एक वाचक आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारे दोन.

अण्णा इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. उभं आयुष्य छपाईत गेलेलं, त्यामुळे पानाकडे बघायची नजर वेगळी. एके सकाळी ते टॅबलेट मांडीवर घेऊन बसले होते. दैनिकाचं मोठं पान दहा इंचांत मावलेलं. मथळे वाचता येत होते, मजकूर मुंगीएवढा. दोन बोटांनी पान ताणलं. मजकूर मोठा झाला, पण आता पडद्यावर दीडच कॉलम राहिला. वाचत खाली गेले. कॉलम संपला, पुढचा वर उजवीकडे. पान सरकवायला बोट फिरवलं ते जरा जोरात फिरलं आणि अख्खं पान उलटलं. परत मागे आले, तर पान पुन्हा मुंगीएवढं झालेलं. परत ताणलं. तिसऱ्या वेळी त्यांनी टॅबलेट टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसत म्हणाले, "आठ कॉलमचं पान हे दोन हातांत धरायला मांडलेलं असतं. मांडणाऱ्याचा दोष नाही, धरणाऱ्याचाही नाही."

मासिकांना हा त्रास कमी होतो. मासिकाचं पान टॅबलेटच्या आकाराच्या जवळ जातं, दोन-तीन कॉलमच असतात, आणि लेख सलग चालतो. हा फरक संघाला वापरानंतर कळला. अ‍ॅप घेण्याआधी पाच मिनिटं उघडून पाहिलं असतं तरी कळला असता.

मजकूर मोठा करायला गेलो तर

अशा अ‍ॅपमध्ये एक सोय असते: लेखावर बोट ठेवलं की पान बाजूला होऊन नुसता मजकूर येतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, काही ठिकाणी मोठ्याने वाचूनही दाखवलं जातं. ज्येष्ठांसाठी याहून चांगलं काय? इंग्रजी मासिकांवर ते छान चाललं. मराठी अंकावर मात्र कधी ही सोय दिसेचना, आणि दिसली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि उद्गारचिन्हांची भेळ आली. अ‍ॅप बिघडलं म्हणून मला बोलावणं आलं.

अ‍ॅप बिघडलेलं नव्हतं. मराठीतली पानमांडणी अनेक वर्षं अशा फाँटांवर चालली, ज्यांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं आणि फाँट त्यावर देवनागरी चित्र चढवतो. डीटीपीच्या दुकानात पत्रिका करायला गेलेल्या प्रत्येकाने श्रीलिपीचं नाव ऐकलेलं असतं; ती या जातीची. छापायला त्यात काही अडत नाही, कारण कागदावर चित्रच उमटायचं असतं. पण पीडीएफमधून मजकूर वेगळा काढायला गेलं की चित्र गळून पडतं आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लेखीही अक्षर देवनागरीच असतं अशा पद्धतीत, मांडलेल्या अंकाला हा त्रास बराच कमी. म्हणून एकाच अ‍ॅपमध्ये एक मराठी मासिक नीट वाचता येतं आणि दुसरं येत नाही.

याचा परिणाम नुसत्या अक्षराच्या आकारापुरता नाही. असल्या अंकात शोध चालत नाही. 'द्राक्ष' टाकून गेल्या वर्षभरातले लेख काढावेत म्हटलं तर शून्य निकाल. दृष्टी गेलेल्या माणसाला फोन वाचून दाखवू शकत नाही. हे दुरुस्त करणं वाचकाच्या हातात नाही आणि बऱ्याच अंशी अ‍ॅपच्याही नाही. प्रकाशकाने मांडणी बदलली तरच होतं. मला विचाराल तर मराठी नियतकालिकांच्या डिजिटल वाटेतला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा खड्डा आहे.

अण्णांचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. अ‍ॅपमध्ये मराठी दैनिकं मुळात मोजकी होती. त्यातलं जे रोज वाचलं जायचं, त्याची मुंबई आवृत्ती यायची. पहिले काही दिवस कुणाला खटकलं नाही, कारण पहिलं पान बरंचसं सारखंच. मग पावसाळा लागला.

गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिककराला दोन गोष्टी कळायला हव्या असतात: किती क्युसेक सोडलं, आणि दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं. रामकुंडाजवळचा तो मारुती हीच आमची पूररेषा. कमरेपर्यंत पाणी म्हणजे एक बातमी, छातीपर्यंत म्हणजे दुसरी. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत बसलेल्यांनी टॅबलेट उघडला, तर पहिल्या पानावर मुंबईच्या लोकल गाड्यांचा खोळंबा. आतली पानं ठाण्याची आणि नवी मुंबईची. मारुती कुठेच नाही. त्या दिवशी तिघं जण उठून कोपऱ्यावर गेले आणि सुटा पेपर विकत घेऊन आले. छापील पेपर परत यायची सुरुवात ती.

त्यानंतर मी एक साधं काम केलं. खोलीत येणाऱ्यांना विचारलं, की पेपरमध्ये रोज काय बघितल्याशिवाय तुम्ही उठत नाही? कुठला पेपर असं नाही विचारलं. उत्तरं अशी आली: निधनवार्ता. पाणीपुरवठा कुठे आणि कधी बंद राहणार त्याची महापालिकेची सूचना. लासलगावचा कांदा आणि पिंपळगावचा टोमॅटो; अर्धे सभासद निफाड-दिंडोरीकडचे, शेती भाऊबंदांकडे आहे. शब्दकोडं. कुसुमाग्रज स्मारकात आणि 'सावाना'त, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, आज कार्यक्रम काय. कोर्टाच्या आणि जमिनीच्या जाहीर नोटिसा, ज्या मी आजवर कधी वाचल्या नव्हत्या; पण गावाकडे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस त्या सोडत नाही.

या यादीत अग्रलेख एकाने सांगितला. राष्ट्रीय राजकारण कुणीच सांगितलं नाही. ते टीव्हीवर रात्रीच होऊन जातं.

म्हणजे ज्याला हे लोक पेपर म्हणतात तो खरं तर नाशिक आवृत्तीची मधली चार पानं. अ‍ॅप नावं मोजतं: इतके हजार नियतकालिकं. जगातली इतकी नावं एका कपाटात आली तरी ती चार पानं त्यात नसतील, तर सकाळी सातला खोली उघडायचं कारणच उरत नाही. नाशिकला देशदूत आणि गावकरीसारखी इथली दैनिकं आहेत, बाहेरून आलेल्या मोठ्या दैनिकांनाही इथे स्वतंत्र आवृत्त्या काढाव्या लागल्या, ते याच चार पानांसाठी. निधनवार्ता तर कुठलंही अ‍ॅप तुमच्या आवडीनिवडीवरून ओळखू शकणार नाही. कोण गेलं हे कळेपर्यंत आपल्याला ते वाचायचंय हे तुम्हालाही माहीत नसतं.

पावती पुण्याला

पैशांची बाजू थोडक्यात सांगतो, पण इतर संस्थांना ती उपयोगी पडेल.

वर्गणी पुण्यातल्या मुलाने स्वतःच्या कार्डावरून भरली होती, संघाने त्याला रोख दिली. त्यामुळे पावती त्याच्या नावे. लेखापरीक्षकाने विचारलं, संघाच्या नावाची पावती कुठे? छापील पेपरवर जीएसटी नाही, डिजिटल वर्गणीवर अठरा टक्के लागतो. तो कर भरलेलं बिलही त्या मुलाच्याच ईमेलमध्ये. शिवाय वर्गणी आपोआप पुढे चालू राहण्याची मुभा त्यात दिलेली होती. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१पासूनच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. ती आलीही, पुण्याला. मुलगा मीटिंगमध्ये. थोडक्यात वाचलं, त्याने संध्याकाळी ती बघितली आणि मुभा रद्द केली.

दुसरी गोष्ट अटींची. अशा वर्गण्या वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी असतात. घरातल्या दोन-चार उपकरणांवर चालवा म्हणतात. सार्वजनिक खोलीत मांडून ठेवा असं म्हणत नाहीत. वाचनालयांसाठी वेगळा, संस्थात्मक परवाना असतो. प्रेसरीडर परदेशात ग्रंथालयांना, हॉटेलांना असाच विकला जातो: तिथल्या वायफायवर आलात की वाचा, बाहेर पडलात की बंद. संघाने याचा विचारच केला नव्हता. कुणी पकडायला येणार नव्हतं हे खरं, पण नोंदणीकृत संस्थेने अटी मोडून चालवायचं हे नानांना स्वतःलाच पटलं नाही.

तिसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपची. एप्रिल २०२०मध्ये राज्य सरकारने काही दिवस घरपोच पेपर वाटायला मनाई केली, तेव्हा सगळ्यांनाच पीडीएफ ढकलायची सवय लागली, ती गेली नाही. संघाच्या ग्रुपवर रोज पहाटे कुणीतरी अख्खे पेपर टाकायचं. हा कॉपीराइटचा भंग आहे, हे वृत्तपत्रांच्या संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं. दैनिक जागरणने टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन मे २०२०मध्ये अशा चॅनेलांविरुद्ध आदेशही मिळवला. ग्रुपवर हे सांगितल्यावर दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी पीडीएफ पुन्हा आली, सोबत 'फक्त आपल्यासाठी' अशी टीप.

पेपरवाले भाऊ आणि रद्दी

बिल बंद झालं तेव्हा पेपरवाले भाऊ काही बोलले नाहीत. सात पेपर गेल्याने त्यांचं दुकान बुडणार नव्हतं. त्यांची लाइन अख्ख्या इंदिरानगरची. पण संघाच्या खोलीबाहेर ते पहाटे गठ्ठे सोडून पुरवण्या घालायला बसायचे, कारण तिथे दिवा आणि पत्रा होता. त्या बदल्यात एखादा पेपर कमी आला तर स्वतःच्या गठ्ठ्यातला काढून द्यायचे, सणाच्या दुसऱ्या दिवशी पेपर नसतो हे आदल्या दिवशी फळ्यावर लिहायचे. या देवाणघेवाणीची कुठे नोंद नव्हती, म्हणून फळ्यावरच्या दोन आकड्यांत ती आली नाही.

रद्दीही आली नाही. महिन्याची रद्दी विकून येणाऱ्या पैशांत सकाळच्या चहाची साखर-पूड निघायची. पेपर बंद झाल्यावर तिसऱ्या महिन्यात चहाचा डबा रिकामा झाला आणि चहासाठी वेगळी वर्गणी काढायची वेळ आली. मावशींनी सांगितलं, की घरी फडताळात घालायलाही कागद उरला नाही. सभेत यावर हसू झालं, पण पेपर परत सुरू करण्याच्या बाजूने जे हात वर झाले त्यांतले काही या चहासाठी झाले असावेत.

दुपारची बाजू

एवढं वाचून अ‍ॅप टाकाऊ निघालं असं वाटेल. तसं नाही, आणि हा भाग ठराव करणाऱ्यांच्या डोक्यातही नव्हता.

सकाळी खोली पुरुषांची असते. पेपर त्यांच्याच हातात असतात. बायका दुपारी चारला भजनासाठी येतात, तोवर पेपर चुरगळलेले, पुरवण्या गायब. टॅबलेट मात्र दुपारी रिकामा असायचा. मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. बारीक छपाई त्यांनी कधीच सोडली होती. त्यांना गृहशोभिकेचा अंक पडद्यावर उघडून दिला आणि ताणायचं कसं ते दाखवलं. उजेडात धरायला लागत नाही, अक्षर हवं तेवढं. आठवड्याभरात त्या इतर बायकांना शिकवायला लागल्या. भजन साडेचारला सुरू व्हायला लागलं.

त्यातूनच बालभारतीच्या 'किशोर'चा शोध लागला. हे मासिक १९७१पासूनचं. जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेले आहेत. अ‍ॅप लागत नाही, वर्गणी नाही. सुट्टीत नातवंडं घेऊन आलेल्या आज्यांनी स्वतः लहानपणी वाचलेले अंक त्यांना काढून दाखवले. शासनाचं 'लोकराज्य'ही असंच फुकट मिळतं. संघाने पैसे भरून घेतलेल्या कपाटापेक्षा हे दोन दरवाजे दुपारी जास्त उघडले गेले.

तिसरे लाभार्थी एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना परदेशी विज्ञान आणि अर्थकारणाची इंग्रजी साप्ताहिकं हवी असायची. छापील अंक नाशिकला मिळायचा तर उशिरा, महाग, आणि कॉलेज रोडच्या एखाद-दुसऱ्या दुकानातच. त्यांच्यासाठी अ‍ॅपची किंमत पहिल्याच महिन्यात वसूल झाली. संघाने वर्गणी सोडली त्याच दिवशी त्यांनी स्वतःची घेतली.

आता काय चालू आहे

छापील दैनिकं सातवरून चारवर आली. चारही नाशिक आवृत्तीची. इंग्रजी आणि हिंदी पेपर बंदच राहिले, त्यांचे ई-पेपर टॅबलेटवर बघतात. टॅबलेट सकाळी कपाटात, दुपारी चार ते सहा बाहेर. त्यावर न्यूजस्टँड अ‍ॅप नाही. दैनिकांच्या स्वतःच्या ई-पेपरचे, 'किशोर' आणि 'लोकराज्य'चे शॉर्टकट पहिल्याच पडद्यावर आहेत. मासिकांपैकी दोन टपालाने सुरू ठेवली, बाकी ज्याला हवी त्याने आपल्या फोनवर.

दिवाळी अंकांवर मात्र वाद झाला. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला फराळासोबत हा गठ्ठा लागतोच. बुकगंगासारख्या ठिकाणी दिवाळी अंकांच्या ई-आवृत्त्या मिळतात, स्वस्त पडतात, हे नानांचं म्हणणं. अण्णांचं म्हणणं, दिवाळी अंक हा एकाने आठ दिवस ठेवून दुसऱ्याला द्यायचा असतो. खात्यातला अंक देता येत नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून पैसे घालायचे, छापील अंक घ्यायचे आणि आळीपाळीने घरी न्यायचे असं ठरलं. मार्चपर्यंत फिरतात. मग ते गठ्ठे गावाकडच्या वाचनालयांना जातात. यातही अ‍ॅपला तोड नाही असं म्हणणारे दोघं आहेत, त्यांची मुलं अमेरिकेत असतात.

संस्थात्मक परवान्याचं प्रकरण अजून बाकी आहे. १८४०पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे, तिथे जिल्ह्यातल्या लहान वाचनालयांनी आणि संघांनी मिळून एकच परवाना मागितला तर दर उतरेल, अशी सूचना प्राध्यापकांनी केली. संघाने एका कंपनीकडे चौकशी केली. उत्तरादाखल एक ऑनलाइन फॉर्म आला. तो महाविद्यालयांसाठी बनवलेला आहे. 'विद्यार्थिसंख्या' भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. नानांनी मला विचारलं, सभासदसंख्या टाकली तर चालेल का? मी म्हटलं, टाका आणि खाली शेऱ्यात खरं काय ते लिहा. अण्णांनी आपला शेरा आधीच सांगून ठेवलाय: नाशिक आवृत्ती देणार असाल तरच बोला.